डेनिस बर्ड

डेनिस बर्ड (५ ऑक्टोबर १९६६ – १५ ऑक्टोबर २०१६) हे अमेरिकन फुटबॉल या खेळातील व्यावसायिक खेळाडू होते. नॅशनल फुटबॉल लीग (एनएफएल) या स्पर्धेत ते १९८९ ते १९९२ या काळात न्यू यॉर्क जेट्स या संघाच्या बचाव फळीत खेळले. २९ नोव्हेंबर १९९२ रोजी एका सामन्यात स्वतःच्याच संघातील सहकाऱ्यावर आदळून त्यांच्या मानेचा मणका मोडला व त्यांचे हातपाय लुळे पडले. शस्त्रक्रिया, औषधोपचार व दीर्घ पुनर्वसनानंतर ते पुन्हा चालू लागले. ५ सप्टेंबर १९९३ रोजी, म्हणजे अपघातानंतर दहा महिन्यांच्या आत, ज्या मैदानावरून त्यांना रुग्णवाहिकेतून नेण्यात आले होते त्याच मैदानावर ते स्वतःच्या पायांनी चालत गेले.

बर्ड हे श्रद्धाळू ख्रिस्ती होते व आपल्या बरे होण्याचे श्रेय त्यांनी जाहीरपणे देवाला दिले. त्यामुळे त्यांची कथा क्रीडाविश्वाबरोबरच अमेरिकेतील ख्रिस्ती समाजातही सर्वपरिचित झाली. मज्जारज्जूच्या दुखापतीवरील उपचार, क्रीडांगणावरील सुरक्षा, तसेच श्रद्धा आणि रोगमुक्ती यांचा संबंध या विषयांच्या चर्चेत त्यांचे उदाहरण दिले जाते.

प्रारंभीचे जीवन व शिक्षण

बर्ड यांचा जन्म अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याची राजधानी ओक्लाहोमा सिटी येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण याच शहराजवळील मस्टँग या गावात झाले व शाळेच्या संघातून ते फुटबॉल खेळू लागले. ओक्लाहोमा हे राज्य अमेरिकेच्या ज्या दक्षिण-मध्य पट्ट्यात येते, तो प्रॉटेस्टंट चर्चचा मोठा प्रभाव असलेला भाग ‘बायबल बेल्ट’ या नावाने ओळखला जातो. रविवारची उपासना आणि शुक्रवारी रात्रीचा शालेय फुटबॉल सामना ही येथील लहान गावांच्या सार्वजनिक जीवनाची दोन केंद्रे मानली जातात. खेळाडूंमध्ये ख्रिस्ती श्रद्धेचा प्रसार करणारी ‘फेलोशिप ऑफ ख्रिश्चन अ‍ॅथलीट्स’ ही संघटनाही १९५४ मध्ये ओक्लाहोमातच स्थापन झाली.

शालेय शिक्षणानंतर बर्ड यांनी ओक्लाहोमातीलच टल्सा विद्यापीठात प्रवेश घेतला. प्रेसबिटेरियन पंथाच्या मिशनरी शिक्षणकार्यातून पुढे आलेले हे विद्यापीठ अमेरिकेतील इतर अनेक विद्यापीठांच्या तुलनेत लहान आहे. तरीही विद्यापीठाच्या ‘गोल्डन हरिकेन’ या संघाकडून खेळताना बर्ड यांनी व्यावसायिक संघांचे लक्ष वेधून घेतले.

व्यावसायिक कारकीर्द

एनएफएलमधील संघ विद्यापीठांतून येणाऱ्या नव्या खेळाडूंची दरवर्षी क्रमाने निवड करतात. या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ असे म्हणतात. १९८९ च्या ड्राफ्टमध्ये न्यू यॉर्क जेट्स संघाने बर्ड यांना दुसऱ्या फेरीत, एकूण ४२ व्या क्रमांकावर निवडले. जेफ लेगमन व मार्व्हिन वॉशिंग्टन हे बचाव फळीतील खेळाडूही त्याच ड्राफ्टमधून जेट्समध्ये आले.

सुमारे सहा फूट पाच इंच उंची व १२० किलोग्रॅमच्या आसपास वजन असलेले बर्ड बचाव फळीच्या पुढच्या रांगेत खेळत. अमेरिकन फुटबॉलमध्ये प्रत्येक बाजूला अकरा खेळाडू असतात. चेंडू ताब्यात असलेल्या संघाला चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे जावे लागते. आक्रमणाची सूत्रे ‘क्वार्टरबॅक’ या खेळाडूकडे असतात व तो चेंडू सहकाऱ्याकडे फेकतो किंवा सोपवतो. बचाव फळीतील पुढच्या खेळाडूंनी समोरची रांग भेदून, चेंडू फेकला जाण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला खाली पाडले तर त्यास ‘सॅक’ म्हणतात. बचावपटूच्या कामगिरीचे हे एक प्रमुख मोजमाप आहे.

बर्ड यांनी आपल्या चार हंगामांत एकूण २८ सॅक नोंदवले. त्यांपैकी १३ सॅक १९९० या एकाच हंगामातील होते. १९९१ च्या हंगामात जेट्स संघ बाद फेरीपर्यंत पोहोचला. १९९२ चा हंगाम मात्र संघासाठी खडतर ठरला. डोक्याला वारंवार झालेल्या दुखापतींमुळे संघाचे आघाडीचे खेळाडू अल टून यांना त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निवृत्ती पत्करावी लागली. त्यानंतर काही दिवसांतच बर्ड यांचा अपघात झाला.

२९ नोव्हेंबर १९९२ चा अपघात

२९ नोव्हेंबर १९९२ रोजी न्यू जर्सी राज्यातील ईस्ट रदरफर्ड येथील जायंट्स स्टेडियमवर जेट्स व कॅन्सस सिटी चीफ्स यांच्यात सामना होता. मध्यंतरानंतर, सामन्याच्या तिसऱ्या सत्राच्या प्रारंभी चीफ्सचे क्वार्टरबॅक डेव्ह क्रेग चेंडू फेकण्यासाठी मागे सरले. त्यांना पाडण्यासाठी बर्ड एका बाजूने व त्यांचे सहकारी स्कॉट मर्सेरो दुसऱ्या बाजूने वेगाने धावून आले. ऐन क्षणी क्रेग पुढे सरकले व दोघांच्या मधून निसटले. वेग आवरणे अशक्य झालेल्या बर्ड यांचे शिरस्त्राण मर्सेरो यांच्या छातीवर आदळले.

बर्ड जमिनीवर कोसळले व त्यांना उठता येईना. संघाचे वैद्यकीय कर्मचारी धावत आले तेव्हा त्यांच्या पायांत हालचाल नव्हती. मान स्थिर ठेवून त्यांना स्ट्रेचरवर घेण्यात आले व न्यू यॉर्क शहरातील मॅनहॅटन भागातल्या लेनॉक्स हिल रुग्णालयात हलविण्यात आले. सामना पुढे चालू राहिला व चीफ्सने तो २३–७ असा जिंकला.

या घटनेत कोणाचाही नियमभंग नव्हता. प्रतिस्पर्ध्याचा हेतुपुरस्सर आघात किंवा बेकायदा टक्कर असा कोणताही प्रकार घडला नव्हता. दोन सहकारी एकच काम पार पाडण्यासाठी धावले व एकमेकांवर आदळले. बर्ड यांचा अपघात या अर्थाने खेळातील इतर अनेक गाजलेल्या अपघातांहून वेगळा ठरतो.

दुखापतीचे स्वरूप

तपासणीत बर्ड यांच्या मानेचा पाचवा मणका मोडल्याचे आढळले. मानेत एकूण सात मणके असतात व त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू खाली जातो. सामान्य स्थितीत मानेला नैसर्गिक बाक असतो व त्यामुळे स्नायू आणि मणक्यांमधील चकत्या आघाताचा काही भाग शोषून घेतात. डोके किंचित खाली झुकले की हा बाक नाहीसा होऊन मणक्यांची सरळ रेषा तयार होते. अशा वेळी शिरस्त्राणाच्या माथ्यावर आघात झाल्यास धडाचा सारा भार मानेच्या मणक्यांवर येतो. एका बाजूने थांबलेले डोके व दुसऱ्या बाजूने पुढे ढकलले जाणारे शरीर यांच्यामध्ये मणका चिरडला जातो. त्याचे तुकडे पोकळीत सरकून मज्जारज्जूवर दाब आणतात. डॉ. जोसेफ टॉर्ग यांनी १९७० च्या दशकात केलेल्या अभ्यासातून ही यंत्रणा प्रकाशात आली. त्यानंतर १९७६ मध्ये अमेरिकेतील शालेय व महाविद्यालयीन फुटबॉलमध्ये डोके पुढे करून धडक देण्यास बंदी घालण्यात आली व अशा दुखापतींचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले.

मानेच्या पाचव्या मणक्याच्या पातळीवर इजा झाल्यास खांदा व दंडातील काही हालचाली शिल्लक राहू शकतात. मात्र मनगट, बोटे, धड व पाय यांवरील नियंत्रण जाण्याचा धोका असतो. मज्जारज्जूची इजा ‘पूर्ण’ की ‘अपूर्ण’ हा पुढील प्रश्न निर्णायक ठरतो. इजेच्या खालच्या भागात संवेदना किंवा हालचाल किंचितही टिकून असेल तर ती इजा अपूर्ण समजली जाते व सुधारणेची शक्यता बरीच वाढते. परंतु पहिल्या काही दिवसांत मज्जारज्जू ‘आघातस्थिती’त असतो. शिल्लक असलेले कार्यही त्या काळात प्रकट होत नाही, त्यामुळे रुग्ण पुन्हा चालू शकेल की नाही हे आरंभी खात्रीने सांगता येत नाही. बर्ड यांच्या बाबतीतही हीच अनिश्चितता होती.

उपचार

अपघातानंतर काही दिवसांतच लेनॉक्स हिल रुग्णालयात बर्ड यांच्यावर सुमारे सात तास चाललेली शस्त्रक्रिया करण्यात आली. मज्जारज्जूवर दाब आणणारे हाडांचे तुकडे काढून टाकणे व मोडलेला भाग धातूच्या पट्ट्यांच्या साहाय्याने स्थिर करणे हा तिचा उद्देश होता.

त्या काळात मज्जारज्जूच्या इजेवरील औषधोपचारांविषयी वैद्यकीय जगतात मोठी आशा निर्माण झाली होती. अपघातानंतर आठ तासांच्या आत मेथिलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत दिल्यास लाभ होतो, असा निष्कर्ष १९९० मध्ये प्रसिद्ध झाला होता. जीएम-१ गँग्लिओसाइड या द्रव्याच्या एका लहान चाचणीचे उत्साहवर्धक निष्कर्ष १९९१ मध्ये आले होते. हे दुसरे द्रव्य ‘सायजेन’ या नावाने ओळखले जाते व ते त्या वेळी प्रायोगिक अवस्थेत होते. बर्ड यांना ते देण्यात आले व त्यांच्या प्रकृतीतील सुधारणेमुळे या औषधाला मोठी प्रसिद्धी मिळाली.

पुढील संशोधनाने मात्र या आशांना मर्यादा घातल्या. सायजेनच्या अनेक रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत काही रुग्णांची सुधारणा लवकर झाल्याचे संकेत असले तरी दीर्घकालीन मुख्य परिणाम सिद्ध झाला नाही. मेथिलप्रेडनिसोलोनचा नियमित वापर करू नये, अशी शिफारस अमेरिकेतील मेंदूशल्यचिकित्सकांच्या संघटनांनी २०१३ मध्ये केली. बर्ड यांच्या सुधारणेत कोणत्या उपचाराचा किती वाटा होता, हे वेगळे काढून सांगणे त्यामुळे शक्य नाही. त्यांची इजा अपूर्ण असणे, त्यांचे तरुण वय व खेळाडूची शरीरयष्टी, मान तत्काळ स्थिर केली जाणे, शस्त्रक्रिया आणि पुनर्वसन असे अनेक घटक एकाच वेळी उपस्थित होते.

पुनर्वसन

डिसेंबर १९९२ मध्येच बर्ड यांच्या पायांत हालचालीची पहिली चिन्हे दिसू लागली. पुढील पुनर्वसनासाठी त्यांना न्यू यॉर्कमधीलच माउंट सायनाय रुग्णालयात हलविण्यात आले.

मज्जारज्जूच्या इजेनंतरचे पुनर्वसन हे अत्यंत संथ व थकवणारे काम असते. सुरुवातीस केवळ बसते करणे हेही आव्हान ठरते, कारण दीर्घकाळ आडवे राहिल्यावर रक्तदाब एकाएकी खाली येतो. त्यानंतर तोल सांभाळणे, पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसणे, चमचा धरणे, कपडे घालणे या कृती नव्याने शिकाव्या लागतात. उभे राहण्याचा सराव आधी आधार देणाऱ्या यंत्रात होतो व मग समांतर दांड्यांमध्ये. पाण्यात शरीराचा भार हलका होत असल्याने तरणतलावातील व्यायामही उपयोगी पडतो. काही आठवड्यांपूर्वी शंभर किलोहून अधिक वजनाच्या प्रतिस्पर्ध्यांना मागे रेटणाऱ्या व्यक्तीने पायाचा एक अंगठा हलवण्यासाठी दिवस खर्ची घालणे, असे या परिश्रमाचे स्वरूप होते.

या काळात पत्नी अँजेला त्यांच्या सोबत होत्या. जेट्सचे खेळाडू रुग्णालयात त्यांना भेटत. अपघातानंतरच्या रविवारी, ६ डिसेंबर १९९२ रोजी, जेट्सने बफेलो येथे बफेलो बिल्स या बलाढ्य संघाला २४–१७ असे अनपेक्षितपणे हरवले. बिल्स हा त्याआधीच्या सलग दोन हंगामांत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचलेला संघ होता. जेट्सच्या खेळाडूंनी हा विजय बर्ड यांना अर्पण केला.

१९९३ च्या प्रारंभीच्या महिन्यांत बर्ड कुबड्यांच्या आधाराने चालू लागले. ५ सप्टेंबर १९९३ रोजी जायंट्स स्टेडियमवर डेन्व्हर ब्राँकोज संघाविरुद्ध जेट्सचा हंगामातील पहिला सामना होता. या सामन्यापूर्वी बर्ड मानद कर्णधार म्हणून मैदानाच्या मध्यभागापर्यंत चालत गेले व प्रेक्षकांनी उभे राहून त्यांचे स्वागत केले. जेट्स तो सामना हरले, तथापि त्या दिवसाची आठवण बर्ड यांच्या चालण्यामुळेच राहिली आहे.

बर्ड पुन्हा कधीही फुटबॉल खेळू शकले नाहीत. त्यांची चाल पूर्णपणे पूर्ववत झाली नाही व दुखापतीचे परिणाम त्यांना पुढील आयुष्यभर जाणवत राहिले. त्यांचे बरे होणे ‘पूर्ण’ होते असे म्हणणे त्यामुळे अचूक ठरणार नाही. खेळाडू म्हणून असलेले जीवन त्यांनी वयाच्या २६ व्या वर्षी कायमचे गमावले.

ख्रिस्ती श्रद्धा

बर्ड यांची श्रद्धा अपघातातून जन्मलेली नव्हती. अपघातापूर्वीही ते संघातील श्रद्धाळू ख्रिस्ती खेळाडू म्हणून परिचित होते. रुग्णालयात असतानाच त्यांनी येशू ख्रिस्तावरील आपला विश्वास जाहीरपणे व्यक्त केला. आपण पुन्हा चालू, अशी आशा त्यांनी या विश्वासाच्या आधारे बोलून दाखवली. देशभरातील अनेक चर्चमध्ये त्यांच्यासाठी प्रार्थना झाल्या.

अमेरिकन फुटबॉलमध्ये सार्वजनिक प्रार्थनेची प्रथा त्या सुमारास रुळत होती. ३ डिसेंबर १९९० रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील सामन्यानंतर न्यू यॉर्क जायंट्स व सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या दोन्ही संघांतील काही खेळाडूंनी मैदानाच्या मध्यभागी गुडघे टेकून एकत्र प्रार्थना केली होती. पुढे सामन्यानंतर दोन्ही संघांतील खेळाडूंनी असे वर्तुळ करण्याची पद्धत पडली. बर्ड यांच्या अपघाताने या प्रथेला एक वेगळे गांभीर्य दिले. विजयासाठी किंवा विजयानंतर होणाऱ्या प्रार्थनेऐवजी येथे प्रश्न एका सहकाऱ्याच्या संपूर्ण आयुष्याचा होता.

बर्ड यांची कथा अनेकदा ‘चमत्कार’ म्हणून सांगितली जाते. श्रद्धा व उपचार यांना परस्परविरोधी मानण्याचा प्रकार मात्र त्यांच्या कथेत आढळत नाही. देवाबरोबरच शल्यचिकित्सक व पुनर्वसनतज्ज्ञ यांच्याविषयीही त्यांनी कृतज्ञता व्यक्त केली. प्रार्थना करणे व रोजच्या व्यायामाची वेदना सोसणे या दोन्ही गोष्टी त्यांच्या दिनक्रमात एकत्र नांदत होत्या.

ख्रिस्ती विचारातील स्थान

नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, मंदिराच्या दाराशी भिक्षा मागणाऱ्या एका जन्मतः पांगळ्या मनुष्याला प्रेषित पेत्र येशूच्या नावाने चालू लागण्यास सांगतो व तो मनुष्य उठून चालू लागतो, असा प्रसंग आहे. बर्ड यांच्या आत्मचरित्राचे ‘राइज अँड वॉक’ (ऊठ आणि चाल) हे शीर्षक या प्रसंगाची आठवण करून देते.

ख्रिस्ती परंपरेत दुःखभोगाविषयी याहून वेगळा धागाही आहे. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात प्रेषित पौल संकटातून धीर, धीरातून शील व शीलातून आशा निर्माण होते, असा क्रम मांडतो. करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात तो आपल्या शरीरातील ‘काट्या’विषयी सांगतो. तो दूर व्हावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली, पण काटा दूर झाला नाही. त्याऐवजी देवाची कृपा पुरेशी आहे, असे उत्तर त्याला मिळाले. जुन्या करारातील ईयोबाचे पुस्तक तर निरपराध माणसाला दुःख का भोगावे लागते, या प्रश्नाभोवतीच रचलेले आहे. प्रार्थनेनंतर बरे होणे व प्रार्थनेनंतरही बरे न होता टिकून राहणे, या दोन्ही अनुभवांना या परंपरेत स्थान आहे.

हा फरक स्पष्ट करताना जोनी एरिक्सन टाडा यांचे उदाहरण उपयुक्त ठरते. ३० जुलै १९६७ रोजी, वयाच्या १७ व्या वर्षी, चेसापीक उपसागरातील उथळ पाण्यात सूर मारल्याने त्यांची मान मोडली व खांद्यांखालील शरीर लुळे पडले. रोगमुक्तीसाठी उत्कट प्रार्थना करूनही त्या चालू शकल्या नाहीत. तीव्र नैराश्य व देवावरील रोष यांतून जाऊन त्यांनी अपंगत्वासह जगण्याचा अर्थ शोधला. दातांत कुंचला धरून त्या चित्रे काढू लागल्या. त्यांचे आत्मचरित्र १९७६ मध्ये प्रसिद्ध झाले व १९७९ मध्ये त्यांनी अपंग व्यक्ती आणि त्यांच्या कुटुंबांसाठी ‘जोनी अँड फ्रेंड्स’ ही संस्था स्थापन केली. एकाच श्रद्धेच्या या दोन व्यक्तींपैकी एक चालू लागली व दुसरी चालू शकली नाही. त्यामुळे शारीरिक सुधारणा हे श्रद्धेच्या प्रमाणाचे माप मानता येत नाही. तसे मानल्यास चाकाच्या खुर्चीत राहिलेल्या व्यक्तीवर अविश्वासाचा अन्याय्य ठपका येतो.

बर्ड यांच्या कथेतही या दुसऱ्या धाग्याला जागा आहे. त्यांना चालता आले, परंतु ज्या खेळासाठी त्यांनी बालपणापासून मेहनत घेतली होती तो परत मिळाला नाही. अपघातानंतर ते चोवीस वर्षे जगले व त्यांतील बहुतेक काळ प्रेक्षकांच्या जल्लोषापासून दूर होता. चिकाटीची कसोटी मैदानावरील त्या एका दिवसापेक्षा या दीर्घ काळात अधिक होती.

आत्मचरित्र व चित्रपट

बर्ड यांनी लेखक मायकल डॉर्सो यांच्या साहाय्याने लिहिलेले ‘राइज अँड वॉक’ हे आत्मचरित्र १९९३ मध्ये प्रकाशित झाले. १९९४ मध्ये त्यावर आधारित दूरचित्रवाणी चित्रपट फॉक्स वाहिनीवरून प्रसारित झाला. त्यात बर्ड यांची भूमिका पीटर बर्ग या अभिनेत्याने केली. बर्ग यांनी पुढे ‘फ्रायडे नाइट लाइट्स’ (२००४) हा टेक्सासमधील शालेय फुटबॉलवरील चित्रपट दिग्दर्शित केला. त्याच नावाच्या, २००६ मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणी मालिकेत सामन्यातील दुखापतीने पक्षाघात झालेला एक तरुण खेळाडू हे महत्त्वाचे पात्र आहे.

नंतरचे जीवन

खेळातून निवृत्त झाल्यावर बर्ड आपल्या कुटुंबासह ओक्लाहोमाला परतले. विविध ठिकाणी व्याख्याने देऊन त्यांनी आपला अनुभव व श्रद्धा यांविषयी सांगितले.

जानेवारी २०११ मध्ये जेट्स संघ बाद फेरीत न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाविरुद्ध खेळणार होता. याच प्रतिस्पर्ध्याने डिसेंबर २०१० मध्ये जेट्सचा ४५–३ असा मानहानीकारक पराभव केला होता. या सामन्यापूर्वी बर्ड यांनी १९९२ च्या त्या अखेरच्या सामन्यातील आपली जर्सी जेट्सचे प्रशिक्षक रेक्स रायन यांच्याकडे पाठवली. रायन यांच्या निमंत्रणावरून सामन्याच्या आदल्या रात्री त्यांनी खेळाडूंशी संवादही साधला. मैदानावर उतरण्याची मिळालेली संधी किती मोलाची असते, हा त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. १६ जानेवारी २०११ रोजी जेट्सच्या कर्णधारांनी नाणेफेकीच्या वेळी ती जर्सी सोबत नेली. जेट्सने सामना २८–२१ असा जिंकला.

मृत्यू

१५ ऑक्टोबर २०१६ रोजी ओक्लाहोमातील क्लेअरमोर शहराजवळ समोरून येणाऱ्या वाहनाशी झालेल्या धडकेत डेनिस बर्ड यांचा मृत्यू झाला. त्यांच्या ५० व्या वाढदिवसाला तेव्हा अवघे दहा दिवस झाले होते.

सन्मान

जेट्स संघाने आपल्या सर्वांत प्रेरणादायी खेळाडूसाठी बर्ड यांच्या नावाने वार्षिक पुरस्कार सुरू केला. बर्ड यांचा ९० हा क्रमांक अपघातानंतर संघाने दुसऱ्या खेळाडूला दिला नव्हता. २८ ऑक्टोबर २०१२ रोजी मायामी डॉल्फिन्सविरुद्धच्या सामन्याच्या मध्यंतरात तो अधिकृतपणे निवृत्त करण्यात आला. केवळ चार हंगाम खेळलेल्या खेळाडूला असा सन्मान मिळणे दुर्मीळ आहे.

एनएफएलमधील तत्सम दुखापती

बर्ड यांच्या आधी व नंतरही एनएफएलमधील काही खेळाडूंना मज्जारज्जूच्या गंभीर दुखापती झाल्या. त्यांचे परिणाम मात्र परस्परांपासून बरेच भिन्न होते.

डॅरिल स्टिंगली (न्यू इंग्लंड पेट्रियट्स): १२ ऑगस्ट १९७८ रोजीच्या सराव सामन्यात प्रतिस्पर्ध्याशी झालेल्या टकरीत मान मोडली. त्यानंतर त्यांचे जीवन चाकाच्या खुर्चीत गेले. २००७ मध्ये त्यांचे निधन झाले.

माइक अटली (डेट्रॉइट लायन्स): १७ नोव्हेंबर १९९१ रोजी, म्हणजे बर्ड यांच्या अपघाताच्या वर्षभर आधी, पक्षाघात झाला. मैदानाबाहेर नेले जात असताना त्यांनी अंगठा उंचावून दाखवला व ती खूण पुढे प्रसिद्ध झाली. मज्जारज्जूच्या इजेवरील संशोधनासाठी त्यांच्या नावाने संस्था स्थापन झाली.

रेजी ब्राउन (डेट्रॉइट लायन्स): २१ डिसेंबर १९९७ रोजी जेट्सविरुद्धच्याच सामन्यात मज्जारज्जूला इजा झाली व श्वास थांबला. मैदानावरील तातडीच्या उपचारांनी प्राण वाचले. ते पुन्हा चालू लागले, पण खेळातून निवृत्त झाले.

केव्हिन एव्हरेट (बफेलो बिल्स): ९ सप्टेंबर २००७ रोजी मान मोडली. शरीराचे तापमान कमी करण्याच्या उपचाराचा तातडीने अवलंब करण्यात आला. ते पुढे चालू लागले.

रायन शेझियर (पिट्सबर्ग स्टीलर्स): ४ डिसेंबर २०१७ रोजी मणक्याला इजा झाली. शस्त्रक्रिया व पुनर्वसनानंतर ते पुन्हा चालू लागले.

डोके खाली करून शिरस्त्राणाच्या माथ्याने धडक देण्यावरील निर्बंध एनएफएलने कालांतराने अधिक कडक केले. २०१३ मध्ये चेंडू घेऊन धावणाऱ्या खेळाडूंनाही मोकळ्या मैदानात असे करण्यास मनाई करण्यात आली. सहकाऱ्यांमधील अनपेक्षित टक्कर मात्र कोणत्याही नियमाने पूर्णपणे टाळता येत नाही. अशा वेळी मैदानावर पहिल्या काही मिनिटांत मान स्थिर ठेवणे हाच सर्वांत महत्त्वाचा उपाय असतो.

हेही पाहा

अमेरिकन फुटबॉल
न्यू यॉर्क जेट्स
मज्जारज्जू
जोनी एरिक्सन टाडा
ईयोबाचे पुस्तक